नळीचं अंगुस्तान

चामडं आदल्या रात्री भिजत घालायचं.
सकाळी ओलं असतानाच
लाकडी साच्यावर ओढून बसवायचं,
बाळाचं टोपडं गुडघ्यावर ताणून बघतात तसं.
मग आरीनं भोकं,
आणि एकाच भोकातून दोन सुया, समोरासमोर.
एक दोरा तुटला तरी
दुसरा टाका सोडत नाही.

वेंडेलिनमामा म्हणतो, इंचाला आठ.
दर शनिवारी सरकारचा प्रुइट येतो,
नखानं टाके मोजतो,
टोपण बुटाखाली दाबून दोन्ही हातांनी उपसतो.
उसवलं त्याचे पैसे नाहीत.
माझं एकही उसवलं नाही.

मी घोड्यावर कधी बसले नाही.
नदीपलीकडे केंटकीत काय चाललंय
ते मला सामानावरून कळतं.
डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेवर
चार बोटं रुंद पट्टा,
पाठीवर पितळी बक्कल,
पट्ट्यावर सरकणारा पोलादी आकडा,
आकड्यात कार्बाइनची कडी.
ती लोंबते तोंड खाली करून, उजव्या मांडीच्या मागे,
आणि घोडा दौडला की मांडी सोलते,
म्हणून तिचं टोक खोचायचं
खोगिराला बांधलेल्या माझ्या टोपणात.
वीतभरसुद्धा नाही ते. वरून उघडं, खालून उघडं.
माझ्या मधल्या बोटात असतं
तसलंच अंगुस्तान,
फक्त बोट लोखंडाचं.

जुलैत गेब्हार्टचं पत्र आलं:
ओटीली, तुझी टोपणं आमच्या पलटणीत पोचली!
मी सगळ्यांना सांगितलं, ही माझ्या बहिणीची.
कसं ओळखलं? शेवटाला तू दोन टाके मागे घेतेस,
आईसारखे.
आता लगाम सोडून, चालत्या घोड्यावर
कणीस खातो दोन्ही हातांनी.
बंदूक कुठे जात नाही.

ते पत्र मी मेणाच्या डबीखाली ठेवलं.
त्या आठवड्यात एकशेदहा टोपणं झाली.

ऑक्टोबरात कुठल्याशा गिरणीजवळ
पडक्या कुंपणात घोड्याचा पाय अडकला.
भाऊ उजवीकडे पडला.
घोडा उठला आणि निघाला.
नळीचं टोक टोपणात,
कडी आकड्यात,
आकडा पट्ट्यात,
पट्ट्यात माझा भाऊ.
मागून येणारा स्वार ओरडत होता आणि,
का कोण जाणे, पावलंही मोजत होता.
सव्वाशेनंतर त्यानं मोजणं सोडलं.

टोपण सुटलं नाही.
पुढे एका खडकापाशी
पट्टा बक्कलाजवळ फाटला.
पट्टा आमच्या दुकानाचा नव्हता.
कुठल्यातरी शहरात, कुणीतरी,
डोळे दुखत असतील, किंवा भूक लागली असेल,
किंवा नुसताच आळस,
इंचाला पाचच टाके घातले होते.

डिसेंबरात तो घरी आला.
उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.
मी काही विचारलं नाही, त्यानंच सांगितलं,
हसत हसत, जसं दुसऱ्याचं.
प्रुइटनं त्या शनिवारी माझी चाळीस टोपणं उपसून पाहिली
आणि नेहमीसारखी मान हलवली.
मला त्याच्या हातावर आरी ठेवावीशी वाटली.

रात्री एकदा बसले, ठरवून.
म्हटलं, सैल घालू या. पाच. फार तर सहा.
हात ऐकेना.
दोरा ओढला की आपोआप
अंगठा आवळतो.
पहाटे पाहिलं,
इंचाला आठ, आणि शेवटाला दोन मागे.

आता तो शेगडीजवळ बसून
डाव्या हातानं माझा दोरा मेणावरून ओढतो.
कधी हळू, कधी उगाच जोरात.
दार अरुंद आहे दुकानाचं.
बाहेर जाताना तो उंबऱ्याशी क्षणभर थांबतो,
आणि त्याचा उजवा हात, जेवढा जातो तेवढा,
मागे जातो,
नसलेला दस्ता चौकटीला लागू नये म्हणून
जरा आत ओढून घेतो.